बुधवारचे साठ रुपये

पत्र : "ताई, आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत. मागच्या महिन्यात मुलाने मिस्टरांच्या फोनवरून गेममध्ये चार वेळा मिळून १,८४० रुपये घातले. पिन त्याला माहीत होता, गाडी चालवताना मिस्टर त्यालाच टाकायला सांगायचे. कळल्यावर त्यांनी त्याला मारलं. तेव्हापासून घरात या विषयावर कुणीच बोलत नाही. सासूबाई गुपचूप वीस-पन्नास हातावर ठेवतात, दिंडोरीहून माझे वडील आले की सरळ पाचशेची नोट. मैत्रीण म्हणते दर आठवड्याला हातखर्च सुरू कर. मिस्टर म्हणतात, आत्ताच ही तऱ्हा, हातात पैसे दिले तर पुरता बिघडेल. द्यावेत का? किती द्यावेत? मार्कांवर द्यावेत का? आणि मुलगी विचारते, नोटा आपल्या नाशिकरोडलाच छापतात, तर आणखी का नाही छापत? मला तेही सांगता आलं नाही."

ताई,

द्या. याच आठवड्यापासून द्या.

मिस्टरांची भीती मला कळते. कष्टाचे पैसे असे गेले की जीव तुटतो. पण तुमच्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. आजीचे पन्नास येतात, ते कधी येतील त्याचा नेम नाही. आजोबांचे पाचशे येतात, ते बहुधा तुम्हीच काढून कपाटात ठेवता. बाकी लागेल ते तुम्ही आणून देता. संपणारे पैसे त्याने कधी हाताळलेच नाहीत. मग १,८४० म्हणजे किती, हे त्याला कळावं कुठून? फोनवर आकडे दाबले, खालचे चार टिंब भरले आणि गेममध्ये डायमंड आले. शंभर रुपये गेले तरी तेवढंच बोट हलतं आणि हजार गेले तरी तेवढंच.

मी एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. नोट देताना माणसाचा अंगठा तिच्यावर क्षणभर रेंगाळतो, हे मी रोज पाहिलं आहे. मोठी माणसंही शेवटची नोट देण्याआधी एकदा थांबतात. ते थांबणं मुलांना शिकवायचं आहे, आणि फोनवर ते शिकता येत नाही. म्हणून हातखर्च रोख द्या. दहा-दहाच्या नोटा आणि काही नाणी. पाकिटात किती उरले ते उघडून दिसलं पाहिजे, बोटांना लागलं पाहिजे. फोनवरून पैसे देणं तो शिकणारच आहे, ते शिकायला त्याला एक दुपार पुरेल.

आता किती. शेजारी किती देतात ते विचारू नका. तुमचा आकडा तुमच्याच घरात आहे. दोन आठवडे एका कागदावर लिहून ठेवा, मुलाच्या हट्टापायी किंवा लाडापायी तुमच्या पर्समधून काय काय गेलं : कुल्फी, वेफर्स, शाळेबाहेरची भेळ, स्टिकर, चेंडू, सायकलच्या चाकाला लावायचे ते रंगीत मणी. बेरीज केलीत की दिसेल, आठवड्याला पन्नास-साठ रुपये तुम्ही आजही देताच आहात. फक्त सुटे सुटे, कुरकुरत आणि हट्टाला बक्षीस म्हणून. तेच आता एकदम द्यायचे. मुलाला साठ, मुलीला तीस म्हणू. त्याला जास्त का, असं ती विचारील. सातवीत गेल्यावर तुलाही मिळतील, एवढं उत्तर पुरतं.

देताना एकदाच बसून ठरवा की या पैशातून त्याने काय घ्यायचं आणि काय तुम्ही घ्यायचं. वह्या, बूट, व्हॅन, क्लास, डबा हे आई-बाबांचं. बाहेरचं खाणं, खेळणी, हौस हे त्याचं. मित्राच्या वाढदिवसाची भेट मोठी असते, तिला तुम्ही थोडे घाला, पण वस्तू त्याने निवडायची. यापलीकडे नियम करू नका. जितके नियम वाढतात तितका तो पैसा तुमचाच राहतो आणि मुलगा नुसता हमाल होतो.

वार ठरवा आणि तो पाळा. मी तर सांगेन बुधवार धरा. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाघाटावर, बुधवारचा बाजार भरतो, महिन्यातून एकदा दोघांना घेऊन जा. फाट्यावरून लांब पडतं, तरी जा. मॉलमध्ये भाव लिहिलेला असतो, तो मोजायचा आणि निघायचं. बाजारात एकच मेथीची जुडी या टोकाला एका भावाने आणि त्या टोकाला दुसऱ्या भावाने असते, आणि संध्याकाळ कलली की दोन्हीकडे उतरते. दहा रुपयांची कोथिंबीर मुलीला घ्यायला सांगा. भाव विचारताना तिचा आवाज पहिल्यांदा निघणार नाही. तुम्ही मध्ये बोलू नका. दुसऱ्या बाजारी ती "मावशी, जरा मोठी द्या ना" म्हणेल.

तुमच्याकडे एखाद्या आठवड्याला चणचण असेल, शिवणाचे पैसे आले नसतील, तर तसं सांगा आणि दहा कमी द्या. पण न सांगता वार चुकवू नका. ठरलेल्या दिवशी ठरलेले पैसे येतात हा भरवसा असला की मूल पुढच्या आठवड्याचा विचार करू लागतं. आजीच्या पन्नासवर तसा विचार करता येत नाही, कारण ते कधी येतील याचा भरवसा नाही. म्हणून ते मिळाल्या मिळाल्या उडतात.

आता अवघड भाग, आणि तो तुमच्यासाठी आहे. पैसे दिले की ते गेले. तो ते उडवेल. पहिल्या महिन्यात तर हमखास उडवेल. शुक्रवारीच पाकीट रिकामं होईल आणि शनिवारी मित्र भेळ खात असताना तो हात खिशात घालून उभा राहील. तुमचं पोट तुटेल. तरी देऊ नका, आणि बोलूही नका.

हे मी चुकून शिकले. माझा मुलगा दहा वर्षांचा होता तेव्हा त्याने नवरात्रात कालिकेच्या यात्रेसाठी सात आठवडे पैसे साठवले होते. दीडशे रुपये. यात्रेत पाळण्यांकडे न बघता तो थेट एका टपरीवर गेला आणि रिमोटची लाल गाडी घेतली. मला दिसत होतं, चाकाचा आस वाकडा होता. मी म्हटलं, बघून घे. त्याने घेतलीच. मुंबई नाक्यापर्यंत पोचेतो ती बंद पडली. रडला नाही. गाडी शर्टाच्या आत धरून चालत राहिला. आणि मी तेव्हा बोलले, "तरी मी सांगितलं होतं." त्या एका वाक्याने दीडशे रुपयांचं शिक्षण वाया घालवलं. त्यानंतर कितीतरी महिने तो घेतलेली वस्तू मला दाखवत नसे. गाडी बिघडल्याचं दुःख त्याला दोन दिवस झालं असेल, पण माझ्यापासून वस्तू लपवायची सवय मोडायला मला दोन वर्षं लागली. पैसे बुडाले की मुलाला जे कळायचं ते कळलेलंच असतं. आपण नुसतं शेजारी बसायचं, फार तर विचारायचं, "उघडून बघू या का आत काय झालंय?"

तुमच्या घरातही आता तीच लपवालपवी सुरू होण्याच्या बेतात आहे, म्हणून त्या १,८४० रुपयांचं बोलणं टाळू नका. मारून झालं, मग गप्प बसलात, यात हिशोब राहूनच गेला. एका संध्याकाळी चौघे बसा. मिस्टरांनी आधी एक गोष्ट कबूल करावी, की पिन सांगणं ही माझी चूक. पिन म्हणजे सही. आपण कोऱ्या कागदावर सही करून कुणाला देत नाही. एवढं म्हटल्याने बापाचा मान जात नाही. उलट आपली चूक बाप सांगू शकतो हे मुलाला दिसतं, आणि मग तोही सांगतो. हातासरशी पिन बदला, आणि मारलं त्याबद्दलही मिस्टरांनी दोन शब्द बोलावेत.

मग मुलाच्या हातात कागद-पेन्सिल द्या. साठातले वीस दर आठवड्याला परत केले तर १,८४० फिटायला किती आठवडे लागतील, ते त्यालाच काढू द्या. उत्तर येईल ९२. म्हणजे पावणेदोन वर्षं. ते त्याने स्वतः काढू द्या, तुम्ही सांगू नका. आकड्याकडे बघताना त्याचा चेहरा तुम्हाला दिसेल. त्यानंतर सांगा, दहा आठवडे वीस-वीस दे, दोनशे झाले की बास, बाकीचे आम्ही सोडले. लिहून ठेवा, दर बुधवारी समोर टिक करा, दहाव्या टिकला कागद फाडून टाका आणि पुन्हा तो विषय काढू नका, भांडणातसुद्धा.

सगळेच वसूल का करायचे नाहीत? बँकेत मी पाहिलेलं सांगते. ज्याचा हप्ता त्याच्या कुवतीतला असतो तो एखादा चुकला तरी येऊन सांगतो, पुढच्या महिन्यात भरतो म्हणतो. ज्याचं कर्ज फिटण्यासारखंच नसतं तो बँकेच्या दारावरून जायचं टाळतो, फोन उचलत नाही. मुलाचंही तसंच आहे. फिटेल एवढंच देणं त्याच्या डोक्यावर ठेवा, म्हणजे तो तुमच्या दारावरून जात राहील.

मार्कांवर पैसे देऊ नका. मार्कांचा भाव ठरला की कमी मार्कांचा पेपर तो दप्तराच्या तळाशी ठेवणार. घरच्या कामांचेही नको. आपलं ताट उचलणं, अंथरूण काढणं, दळण आणणं हे घर सगळ्यांचं म्हणून करायचं. तुम्ही स्वयंपाकाचे पैसे कुणाकडून घेता? मात्र वेगळं काही काम असेल, एरवी तुम्ही बाहेरच्याला पैसे देऊन करवून घेतलं असतं असं, तर जरूर द्या. रद्दीचं काम मुलांना फार आवडतं. महिन्याची वर्तमानपत्रं लावायची, सुतळीने बांधायची, काटा शून्यावर आहे का ते बघायचं, भाव विचारायचा. काट्यावर नजर ठेवणारी पोरगी असली की रद्दीवालाही नीट तोलतो. आलेल्या पैशात दोघांचा वाटा ठेवा.

सासूबाईंशी भांडू नका. नातवाच्या हातावर वीस रुपये ठेवण्यात त्यांचा जीव आहे, तो आनंद काढून घ्यायचा आपल्याला हक्क नाही. फक्त "गुपचूप" तेवढं काढायचं. त्यांना म्हणा, आई, तुम्ही द्या, पण बुधवारीच द्या आणि आमच्यासमोर द्या. हवं तर साठातले वीस त्यांच्याच हातून द्या. माझ्या बँकेच्या पेन्शनीतून का होईना, ठरलेल्या वारी आजीच्या हाताने आलेले पैसे मुलं जपून वापरतात, हे मी आमच्या घरी पाहिलं आहे.

तुमच्या वडिलांकडून मात्र पाचशेच्या नोटेपेक्षा फार मोठी गोष्ट घेता येईल. ते दिंडोरीचे, म्हणजे द्राक्षबाग असणार किंवा शेजारी तरी असणार. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी असते तेव्हा नातवाला दोन दिवस पाठवा. आजोबांनी त्याला बागेत उभं करून सांगावं : आज छाटणीची मजुरी दिली. आता फवारण्या सुरू, औषधाच्या दुकानात उधारी सुरू. विरळणीला मजूर, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला मजूर. मध्ये अवकाळी आला तर मणी तडकणार. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघाला आणि व्यापाऱ्याचे पैसे हातात पडले की आधी उधारी फेडायची, सोसायटीचं कर्ज भरायचं, एप्रिलच्या खरड छाटणीला बाजूला काढायचे, आणि राहिले त्यात वर्ष काढायचं. पगार दर महिन्याला येतो म्हणून शहरातल्या मुलांना वाटतं पैसा नळासारखा येतो. बागाईतदाराचा नातू असून त्याला हे माहीत नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं. पाचशेची नोट आजोबांनी बागेतून परत येताना द्यावी. तेव्हा ती वेगळी दिसेल.

तुमच्या लेकीचा प्रश्न तर नाशिकच्या प्रत्येक घरात कधी ना कधी विचारला जातो. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ पासून आहे, कुणाचे ना कुणाचे काका-मामा तिथे कामाला असतात, त्यामुळे मुलांना ते दुधाच्या डेअरीसारखंच वाटतं. तिला असं सांगून बघा. तुमच्या गल्लीत कुल्फीवाला आला, त्याच्याकडे दहा कुल्फ्या आहेत आणि दहा मुलांकडे दहा-दहा रुपये. प्रत्येकाला एक मिळाली. आता रात्रीतून छापखान्याने प्रत्येक मुलाला वीस रुपये दिले. कुल्फ्या किती? दहाच. मग कुल्फीवाला काय करील? ती स्वतःच म्हणेल, भाव वाढवील. नोटा वाढल्या, कुल्फी वाढली नाही. दुधाची कुल्फी करायला गाय, चारा, बर्फ आणि माणूस लागतो, ते काही छापता येत नाही. म्हणून छापखान्यालाही स्वतःच्या मनाने छापता येत नाही, किती हव्यात ते रिझर्व्ह बँक आणि सरकार ठरवतं.

मग एक नोट तिच्या हातात द्या आणि मागची बाजू दाखवा. तिथे पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते, त्यात मराठी शोधायला सांगा. पुढच्या बाजूला गव्हर्नरची सही आणि वचन आहे, ते वाचून दाखवा. कागद दहाचा असो की पाचशेचा, किंमत त्या वचनाला आहे. तिसरीतल्या मुलीला हे सगळं कळणार नाही, पण सही आणि वचन हे दोन शब्द लक्षात राहतील.

आणि पाथर्डी फाट्याला राहणाऱ्यांकडे आणखी एक ठेवा आहे, जो बाकीच्या महाराष्ट्राकडे नाही. पांडवलेणी. पोरं तिथे फोटो काढायला चढतात आणि उतरतात. या वेळी दहा नंबरच्या लेण्यात थांबा. नहपान राजाचा जावई उषवदात, त्याचा लेख तिथे भिंतीवर कोरलेला आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले होते. एकीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

तिथेच पायरीवर बसवून मुलाला हिशोब घाला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा? २४०. बरोबर जुळतं. सातवीच्या पुस्तकातलं सरळव्याज आपल्या घरामागच्या डोंगरावर कोरलेलं आहे हे कळल्यावर त्याचे डोळे कसे होतात ते मला पत्रातून कळवा.

तिथून उतरलात की खात्याचं बघा. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या सहीने चालवायचं बचत खातं उघडता येतं, पाचशे रुपयांत. आजोबांची नोट तिथेच कामी येईल. बँकांनाही आता दहा वर्षांवरच्या मुलांना असं खातं देता येतं, रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये तसं परिपत्रक काढलं आहे. पैसे किती ठेवायचे-काढायचे याच्या मर्यादा ज्या त्या बँकेच्या, त्या विचारून घ्या. पोस्टाच्या बचत खात्यावर चार टक्के व्याज. पाचशेवर वर्षाला वीस रुपये. एवढेच? असं तो म्हणेल. म्हणू द्या, आणि उषवदाताच्या बारा टक्क्यांशी तुलना करू द्या. वीस रुपयांना वर्ष लागतं हे एकदा कळलं की "एका महिन्यात दुप्पट" म्हणणाऱ्या माणसाकडे तो पुढे नेहमी संशयानेच बघेल. अशा माणसांनी बुडवलेली कुटुंबं मी काउंटरच्या अलीकडून पाहिली आहेत, शिकलेली माणसं होती ती.

मुलगा सही करायला जाईल तेव्हा तुम्ही मागे उभ्या राहा. स्लिप त्याला भरू द्या, अक्षरी रकमेत "पाचशे" चुकलं तर दुसरी स्लिप घेऊ द्या. पासबुकावर स्वतःचं नाव छापून आलेलं मूल ते पासबुक कसं हातात धरतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आणि मला कधी कंटाळा आला नाही.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. बुधवारी कामावरून येताना दहाच्या नोटा त्यांनीच आणाव्यात आणि पैसे त्यांच्याच हातून द्यावेत. ज्या हाताने मारलं त्याच हातून हे यायला हवं. सुट्टे आजच बघून ठेवा. सुट्टे नाहीत म्हणून पहिलाच बुधवार पुढे ढकलू नका.